कान्हेरीची पोढी

गेल्या रविवारी आम्ही सहकुटुंब बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जाऊन आलो. (सोमवारी उद्यान बंद असते, जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.) कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. त्यात शंभराहून अधिक लेणी. लेणे क्र. ३ या चैत्यगृहाच्या ओसरीत तथागतांच्या २० फुटांहून उंच दोन उभ्या मूर्ती आहेत. बघता बघता मुलांच्या माना दुखल्या.

आमची आई मात्र रमली पाण्याच्या टाक्यांपाशी. शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. एक पोढी कल्याणच्या सोनाराने दिली, एक वाट तिथल्याच लोहाराने. सुमारे १८०० वर्षांपूर्वीची हातांनी काम करणारी माणसे ही! आम्ही हे सांगितले तेव्हा, लहानपणी गावच्या विहिरीला हात लावू न दिलेली आई टाक्याच्या काठावर बराच वेळ बसून राहिली.

तेवढ्यात धाकट्याने किल्लीने भिंतीवर आपले नाव कोरायला घेतले. आईने त्याचा हात धरला.

"त्या सोनारानं आधी पाणी दिलं, मग नाव कोरलं. तू काय दिलंस रं?"

पोरगा ओशाळला. उतरताना आजीची डब्यांची पिशवी त्याने घेतली, ती स्टेशनापर्यंत कुणाच्या हाती दिली नाही.