गटाचं प्रमुखपद फिरतं हवं

परळी तालुक्यातल्या सिरसाळ्याच्या कापूस-सोयाबीनच्या शिवारात मातीचा ओलावा मोजणारे सेन्सर बसवायचे, तर किमतीइतकाच बॅटरीचा प्रश्न येतो. सेन्सरची बहुतेक ऊर्जा संदेश पाठवण्यात जाते. अगदी मोकळ्या रानातही अंतर दुप्पट झालं की प्रक्षेपणाला सुमारे चौपट ऊर्जा लागते. म्हणून 2000 साली एमआयटीच्या वेंडी हाइन्झेलमन आणि सहकाऱ्यांनी ‘लीच’ पद्धत मांडली. जवळच्या सेन्सरांचा गट करायचा, एकाने सगळ्यांची मोजमापं एकत्र करून पुढे पाठवायची आणि हे प्रमुखपद पाळीपाळीने फिरवायचं. मात्र प्रमुख निवडताना कोणाची बॅटरी किती उरली, हे मूळ ‘लीच’ पाहत नाही. 2004 च्या ‘हीड’ पद्धतीने ते पाहिलं, आणि मला तीच दिशा योग्य वाटते.

‘लोरा’सारखा लांब पल्ल्याचा रेडिओ असताना गट कशाला, हा आक्षेप रास्त आहे. एकट्या शेतकऱ्याच्या दोन-चार सेन्सरांना गटाची गरज नाहीच. पण बांधाला बांध लागलेल्या लहान शेतांतून शेकडो सेन्सर एकाच वाहिनीवर बोलू लागले, की संदेश एकमेकांवर आदळतात, पुन्हा पाठवावे लागतात आणि वाचवलेली ऊर्जा तिथेच खर्ची पडते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने या पद्धती सिरसाळ्यासारख्या गावात, उभ्या पिकात, पूर्ण हंगामभर तपासून पाहाव्यात.