निळं पाणी म्हणजे चांगलं पाणी नव्हे

गेल्या काही वर्षांत आपल्या नात्यागोत्यात आणि मित्रमंडळींत फार्महाऊसची साथच आली आहे. कर्जत, अलिबाग, मुळशी, पानशेत... आणि फार्महाऊस झालं की मागोमाग पोहण्याचा तलाव येतोच. टाइल्स बसल्या, पाणी भरलं की सगळ्यांचा प्रश्न एकच, "आता यात काय टाकायचं?" माझं उत्तरही ठरलेलं. आज काहीच टाकू नका, आधी मोजा. हे उत्तर सहसा कुणाला आवडत नाही! म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकतो.

माझं मत असं, की नव्या तलावाचा पहिला महिना पोहण्यापेक्षा पाणी समजून घेण्याचा असतो. आणि ते काम मालकाने स्वतः करायला हवं. माळ्याच्या हातात मग देऊन मोकळं होण्याची ही गोष्ट नव्हे.

"शेजारच्यांनी जेवढं टाकलं तेवढंच टाकू" हे इथे चालत नाही, कारण पाणी आपापल्या जमिनीचे गुण घेऊन येतं. देशावर काळ्या खडकातून आलेलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. बादलीवर पांढरे थर चढवणारं. कोकणात जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बरेचदा मऊ, किंचित आम्लधर्मी असतं आणि त्यात कधीकधी लोहही असतं. अशा स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात ब्लीचिंग पावडर पडली की सगळा तलाव चहासारखा होतो. लोकांना वाटतं पावडर खराब निघाली. पावडर बिचारी आपलं काम करत असते, तिने फक्त विरघळलेलं लोह उघडं पाडलेलं असतं. आणि टँकरचं पाणी? ते कुठल्या विहिरीचं, हे बरेचदा टँकरवाल्यालाच ठाऊक.

लँगेलिअर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९३६ मध्ये पाण्याच्या या स्वभावाचा हिशेब मांडला. सोप्या भाषेत सांगायचं तर पाण्याला चुन्याची भूक असते. भूक भागली नसेल तर ते टाइल्समधल्या सांध्यांचं सिमेंट खातं, आणि पोट जास्त भरलं असेल तर तोच चुना टाइल्सवर आणि फिल्टरमध्ये ओकतं. दोन्हीकडे खर्च तुमचाच.

आता प्रत्यक्ष काम. तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल धरू. म्हणजे साधारण ४५,००० लिटर. पाणी भरल्यावर पंप चालवून ते नीट फिरू द्यावं आणि मग मोजावं. आधी क्षारता. ती ८० ते १२० पीपीएम हवी (पीपीएम म्हणजे लिटरला मिलिग्रॅम). ती ५० निघाली, तर ८० करायला सुमारे सव्वादोन किलो खाण्याचा सोडा लागतो. हो, आपला स्वयंपाकघरातला सोडाच! धुण्याचा सोडा मात्र नको, त्याने पीएच एकदम उसळतो. तुरटी फिरवायची सवय असेल तर हेही लक्षात ठेवा, की तुरटी गाळ खाली बसवते पण क्षारता खाते.

क्षारता जागेवर आली की पीएच, म्हणजे शाळेतला सामू. तो ७.२ ते ७.८ च्या दरम्यान राखायचा. क्षारता आधी का? तर ती पीएचला धरून ठेवणारी दावण आहे. दावण नसेल तर मगभर आम्लाने पीएच कुठल्या कुठे जातो. त्यात नव्या सिमेंटमधून काही आठवडे चुना सुटत राहतो आणि पीएच रोज वर चढतो. म्हणून पहिला महिनाभर रोज मोजायचं, आम्ल थोडंथोडंच टाकायचं आणि भिंती घासायच्या. मग कॅल्शियम, २०० ते ४०० पीपीएम.

क्लोरीनचं गणितही पीएचला बांधलेलं आहे. साध्या पाण्यात पीएच ७.५ असताना क्लोरीनपैकी साधारण अर्धं जंतू मारणाऱ्या रूपात असतं, ८ ला जेमतेम पाव. शिवाय उघड्यावरच्या तलावात, आपल्या उन्हात, नुसतं क्लोरीन दोन-तीन तासांत बहुतेक उडून जातं. ते टिकावं म्हणून सायन्युरिक आम्ल लागतं, ३० ते ५० पीपीएम.

आणि इथेच खरी मेख आहे. बाजारातल्या ट्रायक्लोर गोळ्यांत हे आम्ल आधीच असतं. क्लोरीन उडून जातं, हे मात्र साचत राहतं. रोज २ पीपीएम क्लोरीन गोळ्यांतून दिलं, तर महिन्याला सुमारे ३५ पीपीएम साचतं. तीन महिन्यांत शंभरी पार! मग क्लोरीन असूनही मंदावतं, पाणी हिरवं होतं आणि सल्ला मिळतो, "पाणी काढून टाका, नवीन भरा." काढून टाका? दहा हजारी टँकर धरला तर साडेचार टँकर. ज्या रायगडात कितीतरी वाड्या एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात, तिथे! माझ्या लेखी ही रसायनशास्त्रापेक्षा नीतीची गोष्ट आहे. तलाव बांधायची ऐपत आहे ना? मग ते पाणी वर्षानुवर्षं टिकवायची जबाबदारीही आपलीच.

यावर एक हमखास आक्षेप येतो. "आम्ही गावच्या विहिरीत पोहायला शिकलो, तिथे कोण पीएच मोजत होतं?" खरं आहे. पण विहिरीला जिवंत झरे असतात, आणि ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएल पावडर टाकून जातो तो काही उगाच नाही. तलावात तेच पाणी फिरत राहतं. ते नितळ दिसतं ही फिल्टरची कामगिरी. जंतू मेले की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. उग्र वास येतो म्हणून "क्लोरीन जास्त झालं" म्हणतात, तेही बहुधा उलटं असतं. घाम आणि लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा तो वास. तिथे ताजं क्लोरीन कमी पडलेलं असतं. पिवळा रंग दाखवणारी स्वस्त चाचणी हा फरक सांगत नाही, गुलाबी रंगाची डीपीडी चाचणी सांगते. त्या पाण्यात आपली नातवंडं गटांगळ्या खाणार आहेत, तेवढा जास्तीचा खर्च कराच.

शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. ट्रायक्लोर आणि हायपोक्लोराइट एकाच डब्यात गेले तर आग लागू शकते. अनेक ठिकाणी हे सगळं पंपाच्या एकाच कोंदट खोलीत ठेवलेलं असतं आणि माळीदादा उघड्या हातांनी ते मिसळत असतात. वेगवेगळ्या जागा, वेगवेगळे मग, हातमोजे, चष्मा आणि रसायन नेहमी पाण्यात, पाणी रसायनावर कधीच नाही. एवढं त्यांना मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. शेजारी एक वही टांगा. तारीख, पीएच, क्षारता, क्लोरीन, काय टाकलं. शनिवारी गेल्यावर पोहण्याचे कपडे काढायच्या आधी ती वही उघडा, आणि त्या दिवसाची नोंद स्वतःच्या हाताने करा.