लेक ताटावरून उठते तेव्हा

माउल्यांनो, दिवाळीआधी तेरखेड्यात फटाक्यांच्या कामाची कोण घाई! त्या धांदलीत वयात आलेली लेक भाकरी कुस्करून तशीच ठेवते, हे ध्यानात येत नाही. ‘जाड होईन’ असं ती म्हणेलच असं नाही. ‘पोट भरलंय’ एवढंच सांगते. अंग झडतं, पाळी थांबते, नाडी मंदावते.

याला १८७३ साली विल्यम गल या इंग्रज डॉक्टरांनी ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ म्हटलं. ही बाहेरची बाधा नव्हे, हट्टही नव्हे. आधी क्षय, थायरॉइड, रक्त तपासून घ्यावं. मग औषध म्हणजे जेवणच. भुकेची बाटली इथं कामाची नाही. लंडनच्या मॉडस्ले रुग्णालयात १९८० च्या दशकात रुजलेली रीत अशी: काही महिने ताटाचा कारभार आईबापांनी हाती घ्यायचा, शेजारी बसून, न रागावता खाऊ घालायचं. वजन सावरलं की कारभार हळूहळू लेकीकडे सोपवायचा. आजी घरात असली तर निम्मं काम तिचंच!

मात्र फार खंगलेल्या पोरीला एकदम तूप-लाडू चारू नका. रक्तातले क्षार घसरून जिवावर बेततं. चक्कर येत असेल तर सरळ धाराशिवचं जिल्हा रुग्णालय गाठा. मनाच्या सल्ल्यासाठी १४४१६ हा सरकारी फोन चोवीस तास, फुकट.