तापाचे पहिले दोन दिवस

पावसाळ्यात उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणाऱ्या एखाद्या गाळ्यात डोकावून बघा. सात-आठ मशिनी, मधे निळ्या कापडाचा ढीग आणि कोपऱ्यात धागे कापत बसलेली बाई. कपाळाला रुमाल घट्ट बांधलेला, डोळे तापाने लाल. घरी का जात नाही, असं अशाच एकीला विचारलं. म्हणाली, "पीसवर काम आहे दादा. गेले तर आजचं काही नाही, आणि उद्या माझ्या जागी दुसरी बसलेली असेल."

आजारपणाची पगारी रजा सरकारने सक्तीची करावी का, यावर वाद खूप होतात. पण ते पगाराची पावती मिळणाऱ्यांपुरते. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 नैमित्तिक पगारी रजा आहेत, पण तो कायदा केला 10 किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी. 2025 मध्ये मंत्रिमंडळाने ही मर्यादा थेट 20 वर न्यायचं ठरवलं. खाली यायला हवी होती ती वर गेली, याचा मला संताप येतो.

कर्मचारी राज्य विम्याचं, म्हणजे ईएसआयचं, मोल मी कमी लेखत नाही. प्रा. बी. पी. अडारकरांनी 1944 मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा दिला आणि 1948 मध्ये कायदा झाला. आज त्यात पगाराच्या पाऊण टक्का कामगार भरतो, सव्वातीन टक्के मालक. आजारपणात डॉक्टरच्या दाखल्यावर रोजाच्या 70 टक्के रक्कम, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत ईएसआयच्या कार्डाने कितीतरी घरं सावरली आहेत. पण इथेही 10 कामगारांची अट आहेच. शिवाय नव्या आजारपणाचे पहिले दोन दिवस काहीच मिळत नाही. साधा ताप असतोच तीन-चार दिवसांचा! म्हणून माणूस नेमका त्याच दोन दिवसांत गोळी घेऊन कामावर जातो आणि भरलेल्या बदलापूर लोकलमधून ताप सगळ्यांना वाटत जातो.

पगारी रजा दिली की सोमवारी सगळेच आजारी पडतील, असं मालक म्हणतात. दाखला मागा, तपासा. पण खोटं बोलणाऱ्या एकासाठी दहा जणांना तापात बसवू नका. लहान गाळेवाल्याची अडचण मात्र खरी आहे. तीन जण आले नाहीत तर त्याचा माल रखडतो, वर त्यांचा रोजही त्यानेच द्यायचा तर गाळा बंद पडेल.

यावरची वाट महाराष्ट्रानेच 1969 मध्ये दाखवली आहे. माथाडी कामगार कोणा एका मालकाचा नसतो, म्हणून मंडळ नेमलं, कामगार आणि मालक दोघांची नोंदणी केली आणि मजुरीवर लेव्ही लावली. त्यातून भविष्य निर्वाह निधी, औषधपाणी, पगारी रजा मिळू लागली. जीन्सच्या धंद्याला असंच मंडळ हवं, आणि आजारपणाचे पैसे पहिल्या दिवसापासून हवेत. लेव्ही गाळेवाल्याकडून नको. त्याला माल देणाऱ्या व्यापाऱ्याकडून घ्या, कारण पीसचा भाव तोच ठरवतो.