माळ्यावरची गिटार उतरवताना

एका भगिनीचं पत्र समोर आहे. कॉलेजात असताना त्या इलेक्ट्रिक गिटार वाजवत. लग्नानंतर गिटार माळ्यावर गेली ती गेलीच. आता मुलं मोठी झाली, घरात कॉम्प्युटर आला, परवा भिशीही लागली. दुपारी तासभर वाजवावं, रेकॉर्ड करून आपलं आपण ऐकावं, एवढीच हौस. पण शेजारच्या खोलीत सासरे झोपलेले असतात. त्यात दुकानदाराने ॲम्प्लिफायर, माइक, मिक्सर अशी लांबलचक यादी दिली. "भिशीचे सगळे पैसे यातच घातले तर घरात काय तोंड दाखवू?" असं त्या विचारतात.

ताई, ती यादी आधी बाजूला ठेवा. तुम्हाला चारच वस्तू लागतील.

पहिली, नव्या तारा. पडून पडून तारा गंजतात, आवाज मंद होतो आणि रेकॉर्डिंगमध्ये तो तसाच उतरतो. बटणं फिरवताना खरखर येत असेल, तर तीही साफ करून घ्या.

दुसरी, ऑडिओ इंटरफेस. ही छोटीशी पेटी यूएसबीने कॉम्प्युटरला जोडतात. घेताना तिच्यावर 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झी' इनपुट आहे ना, एवढं बघा. गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तार. त्यातून येणारा सिग्नल फार नाजूक. त्याला सुमारे १ मेगाओहमचं इनपुट लागतं. कॉम्प्युटरच्या माइकच्या जागी गिटार सरळ जोडली, तर आवाज दबका येतो आणि दोष मात्र बिचाऱ्या गिटारला लागतो.

तिसरी, साधारण ३ मीटरची चांगली केबल. फार लांब केबलने आवाजाची धार कमी होते. चौथी, कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन. ब्लूटूथचा नको, त्यात छेडलेला सूर उशिरा ऐकू येतो.

मग ॲम्प्लिफायर? त्याचं काम सॉफ्टवेअर करतं. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट मिळतं. विंडोजवर रीपर ६० दिवस वापरून पाहता येतं, आणि त्यात बसवायला न्यूरल ॲम्प मॉडेलर मोफत आहे. ॲम्पबरोबर 'कॅबिनेट', म्हणजे स्पीकरची नक्कल, चालू ठेवायला विसरू नका. नाहीतर माश्या घोंघावल्यासारखा आवाज येतो. बाहेर ऐकू जाईल ती फक्त तारांची हलकी टिणटिण. सासऱ्यांची झोप मोडायची नाही!

वाजवलेलं मागाहून ऐकू आलं, तर इंटरफेसच्या कंपनीचा एसिओ ड्रायव्हर घालून बफर १२८ वर आणा. १० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ॲम्पपासून साडेतीन मीटरवर बसून वाजवण्यासारखं. तेवढ्याने काही अडत नाही.

आवाजाची पातळी मात्र जपून ठेवा. सगळ्यात जोरात वाजवलं तरी काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावा. आमटीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं, जास्त पडलं की पंचाईत! तसंच हे. लाल दिवा लागला की आवाज फाटला, तो पुन्हा सांधता येत नाही.

आता महत्त्वाचं. घूं असा आवाज आला, तर कॉम्प्युटरपासून जरा लांब, थोडं वळून बसा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पाहा. पण आवाज घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन कधीही काढू नका. गिटारच्या तारा केबलमधून अर्थिंगला जोडलेल्या असतात. उपकरणात बिघाड झाला आणि अर्थिंग नसलं, तर झटका थेट बोटांना बसू शकतो. घरातलं अर्थिंग वायरमनकडून एकदा तपासून घ्याच.

घरी बसून कसलं रेकॉर्डिंग, असं कुणी म्हणालं तर सांगा: अमेरिकेतल्या लेस पॉल यांनी आपल्या घराच्या गॅरेजमध्ये एकावर एक गिटारी चढवून 'लव्हर' ही तबकडी तयार केली, ती १९४८ साली निघाली. तुम्हाला तर गॅरेजही नको, जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा पुरे.

चार वस्तू आणून भिशीतले उरतील ते पैसे बँकेत टाका. आणि पहिलं रेकॉर्डिंग पुसू नका हं, कसंही झालं तरी! सहा महिन्यांनी तेच ऐकून बघा.