पाठवणाऱ्यांच्या सह्या

कवडास हे गाव शहापूर तालुक्यात आहे आणि शहापूर भिवंडी लोकसभा मतदारसंघात. म्हणजे भिवंडीचा खासदार तोच कवडासचा खासदार. तरीही भिवंडीत कुणालाही थांबवून विचारा, कवडासला काय झालं होतं? शंभरातल्या नव्याण्णव जणांना सांगता येणार नाही. या विस्मरणाबद्दल मला चीड आहे. ती सौम्य शब्दांत मांडण्याची माझी इच्छा नाही.

2010 साली कवडासमधल्या मतिमंद मुलांच्या निवासी बालगृहाच्या बातम्या छापून आल्या. मुलं उपासमारीनं दगावली आणि मुलींवर लैंगिक अत्याचार झाले, असं त्या बातम्या सांगत होत्या. उपासमार झाली ती मुंबईच्या वेशीवरच्या ठाणे जिल्ह्यात, चार भिंतींच्या आत, ज्यांच्या जेवणासाठी सरकार अनुदान देतं अशा मुलांची. मुंबई उच्च न्यायालयानं बातम्यांची स्वतःहून दखल घेतली. टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या नेतृत्वाखालची समिती राज्यभरातली अशी बालगृहं तपासू लागली. त्या तपासणीतूनच 2011 मध्ये पनवेलजवळच्या कल्याणी महिला बाल सेवा संस्थेतला प्रकार उजेडात आला. बौद्धिक अपंगत्व असलेल्या, काही मूकबधिर असलेल्या मुलींवर तिथं अत्याचार चालू होते आणि त्यातला मुख्य आरोपी होता संस्थेचा संस्थापक, रामचंद्र करंजुले. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

मार्च 2013 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयानं बलात्कार आणि खुनाच्या गुन्ह्यांसाठी करंजुलेला फाशी सुनावली. त्याच्यासह एकूण सहा जण दोषी ठरले. पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयानं त्याला खुनाच्या आरोपातून मुक्त केलं, बलात्काराचा दोष कायम ठेवला आणि शिक्षा दहा वर्षांवर आणली. कायद्याच्या कसोटीवर खून सिद्ध झाला नाही, हे मला मान्य करावं लागतं. पण माझा प्रश्न न्यायाधीशांना नाही. त्या मुली पनवेलला आपल्या पायांनी गेल्या नव्हत्या. अशा प्रत्येक मुलीमागे बाल कल्याण समितीचा आदेश असतो, दाखल केल्याचा कागद असतो, संस्थेच्या मान्यतेचा कागद असतो, अनुदानाचा कागद असतो, तपासणीचा शेरा असतो. प्रत्येक कागदाखाली कुणाची तरी सही असते. दोषी ठरलेले सहाही जण संस्थेच्या आतले आणि तिच्या आसपासचे होते. पाठवणाऱ्यांचं काय झालं? ज्यांनी शेरा लिहिला त्यांनी त्या दिवशी इमारतीत काय पाहिलं? रजिस्टर पाहिलं, चहा घेतला, की एखाद्या मुलीजवळ जमिनीवर बसून तिच्या अंगावरचे वळ पाहिले?

मी भिवंडीत अशा मुलांच्या पालकांबरोबर काम करते, म्हणून हे विचारण्याचा हक्क मला आहे असं मी मानते. न बोलणारं मूल त्रास कसा सांगतं हे मला रोज दिसतं. अंघोळीची बादली पाहिली की ते किंचाळतं. एखाद्या माणसाचा आवाज आला की भिंतीला चिकटतं. ज्याची अंथरूण ओलं करण्याची सवय गेली होती ते पुन्हा ओलं करू लागतं, स्वतःचा हात चावू लागतं, जेवण नाकारतं. सगळ्या खुणा डोळ्यांसमोर असतात. पण त्यांची नोंद होते 'वर्तन समस्या' म्हणून, आणि उपाय होतो झोपेचं औषध. झोपलेलं मूल कुणालाच त्रास देत नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनाही शांत वॉर्ड बरा वाटतो. या शांततेवर समाधान मानून परत जाणारा अधिकारी माझ्या लेखी निष्पाप नाही.

कायदा अपुरा आहे असं कुणी सांगितलं तर मी ऐकून घेणार नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यानं तपासणी समितीला दर तीन महिन्यांतून एकदा तरी प्रत्येक संस्थेला भेट देणं सक्तीचं केलं आहे. भेटीला किमान तिघं हवेत, त्यात एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी असलाच पाहिजे, आणि अहवाल आठवड्याभरात द्यायचा आहे. याखेरीज बाल कल्याण समितीनं महिन्यातून किमान दोन भेटी द्यायच्या आहेत. 2012 च्या पोक्सो कायद्यात मुलाच्या अपंगत्वाचा फायदा घेऊन केलेला अत्याचार अधिक गंभीर गुन्हा ठरवला आहे. गुन्हा कळूनही न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. मूल बोलू शकत नसेल तर जबाबाच्या वेळी त्याच्या संवादाची पद्धत जाणणारी व्यक्ती किंवा विशेष शिक्षक देण्याची तरतूद आहे, आणि 2020 च्या नियमांप्रमाणे अशा माणसांची यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षानं तयार ठेवायची आहे. भिवंडीतल्या पोलीस ठाण्यांत उद्या रात्री अकरा वाजता एखादी आई सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला कडेवर घेऊन आली, तर ड्यूटीवरच्या हवालदाराच्या हाताशी ती यादी असेल का? असली पाहिजे. नसेल तर त्या मुलीचा जबाब 'पीडिता बोलू शकत नाही' या एका ओळीत संपेल आणि आरोपी पहाटेपर्यंत घरी पोचेल. पनवेलच्या मुलींचं म्हणणं समजून घेणारी माणसं पुढे आली म्हणून तो खटला उभा राहिला. त्या मुलींना सांगता येत होतं. त्याआधी ऐकायला कुणी बसलं नव्हतं.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं कळलं आणि हजारो माणसं रेल्वे रुळांवर उतरली. लोकल दिवसभर ठप्प झाल्या. बदलापूर याच लोकसभा मतदारसंघात येतं. त्या संतापाचा मला आदर आहे, तो खरा होता. पण कवडाससाठी कोण रुळांवर उतरलं? एक लोकल पाच मिनिटं तरी थांबली का? बदलापूरच्या मुलींमध्ये प्रत्येकाला आपली मुलगी दिसली. कवडासच्या मुलांमध्ये कुणाला आपलं मूल दिसलं नाही. लाळ गळणारं, वेडंवाकडं चालणारं, पंधराव्या वर्षीही डायपर लागणारं मूल 'आपलं' असू शकतं हे या समाजाला मान्य नाही. अत्याचार करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच ते ही मुलं निवडतात.

संस्थांवर एवढं बोलले की समोरून उत्तर ठरलेलं असतं: मग मुलं कुटुंबात द्या. तेच योग्य आहे. मूल कुटुंबातच वाढावं हे मी आयुष्यभर म्हणत राहीन. पण 'कुटुंब' म्हटलं की तपासणीची गरज संपली, असं समजणाऱ्यांवर माझा काडीचाही विश्वास नाही. 2017 ते 2019 या काळात देशभरात दत्तक दिलेल्या 6,650 मुलांपैकी 278 मुलं परत आणून सोडली गेली. माहितीच्या अधिकारात बाहेर आलेल्या या आकड्यात जवळजवळ पाव हिस्सा विशेष गरजा असलेल्या मुलांचा होता. ज्याला एकदा आईबापांनी टाकलं, त्याला दुसऱ्या आईबापांनीही परत पाठवलं. परत पाठवणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे. त्या पालकांना मुलाच्या अवस्थेबद्दल पुरतं सांगितलं होतं का, फिट आली तर काय करायचं हे कुणी शिकवलं होतं का, पहिल्या महिन्यात रात्री फोन करायला एखादा नंबर दिला होता का, हे विचारणं अवघड आहे, कारण त्याचं उत्तर पुन्हा सही करणाऱ्यांकडेच जातं.

भारतीय जोडप्यांना निरोगी तान्हं बाळ हवं असतं. त्यासाठी ती वर्षानुवर्षं रांगेत थांबतात. विशेष मुलांना मात्र बहुतेक परदेशी कुटुंबांची वाट पाहावी लागते. बिहारमधल्या नालंदातून 2016 मध्ये टेक्सासला दत्तक गेलेली शेरिन मॅथ्यूज अशीच अशक्त, उशिरा वाढणारी मुलगी होती. ऑक्टोबर 2017 मध्ये, वयाच्या चौथ्या वर्षात, तिचा मृतदेह घराजवळच्या नाल्याच्या मोरीत सापडला. दत्तक बापाला 2019 मध्ये जन्मठेप झाली. त्यानंतर दिल्लीत धावपळ झाली, दत्तक प्रक्रिया कडक करण्याच्या घोषणा झाल्या. वरातीमागून घोडं. देशातल्या दत्तक मुलाचा पाठपुरावा नियमाप्रमाणे दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी व्हायचा असतो. ज्या मुलाला बोलताच येत नाही त्याच्यासाठी दर सहा महिन्यांनी एक भेट म्हणजे काहीच नाही. त्या मुलाला सहाव्या वर्षीही तितकाच धोका असतो जितका पहिल्या महिन्यात.

आता आमच्या गावाकडे या. भिवंडीत यंत्रमागाच्या खडखडाटात बारा-बारा तास उभे राहणारे आईबाप आहेत, माणकोली-पूर्ण्याच्या गोदामांत माल चढवणारे आहेत. घरात विशेष मूल असेल तर दोनच पर्याय उरतात: बाहेरून कडी लावून कामावर जायचं, नाहीतर काका, मामा, आजीकडे ठेवायचं. पालनपोषणाचं खरं चित्र हे आहे आणि ते कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतं. आईबाप गेले तर मूल अशाच नात्यांत फिरत राहतं. राज्य सरकारची सावित्रीबाईंच्या नावाची बालसंगोपन योजना आहे. तिची रक्कम 2023 मध्ये महिन्याला 1,100 वरून 2,250 रुपये झाली. त्यात फिजिओथेरपी, फिटच्या गोळ्या आणि डायपर बसवून दाखवावेत, असं माझं ही रक्कम ठरवणाऱ्यांना आव्हान आहे. पैसा कमी आणि भेट नाही, अशा घरात थकलेल्या मामीचा हात मुलावर उठतो. मी त्या मामीला माफ करत नाही. तिला एकटं सोडणाऱ्या व्यवस्थेलाही माफ करत नाही.

परवा एक आई माझ्याजवळ बसली होती. मुलगा एकोणीस वर्षांचा, अंगानं तिच्या दुप्पट. ती म्हणाली, "ताई, माझ्या मागं ह्याला कोण बघंल? एखादं होस्टेल असंल तर सांगा ना." मी तिला नाव सांगू शकले नाही. जिल्ह्यात संस्था आहेत, चांगलं काम करणारी माणसंही आहेत. पण जिथं मी स्वतः रात्री बेरात्री जाऊन पाहिलं नाही, तिथं एका आईला 'बिनधास्त ठेव' असं सांगायला माझी जीभ रेटेना. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या अपंग, मतिमंद मुलांना आपलं आडनाव दिलं, अठरा वर्षं झाली म्हणून त्यांना घराबाहेर काढणाऱ्या नियमाविरुद्ध ते सरकारशी भांडत राहिले. तिथल्या एका अंध मुलीनं 2024 मध्ये एमपीएससीची परीक्षा उत्तीर्ण केली. बाबांना त्याच वर्षी पद्मश्री मिळाली. पुरस्कार देणाऱ्या सरकारला त्यांची ती मागणी मात्र अजून मोकळ्या मनानं पुरी करता आलेली नाही. एका म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर राज्यभरातल्या मुलांचं भविष्य सोडून द्यायचं, ही कुठली पद्धत?

आणि कवडास जुनं झालं असं म्हणणाऱ्यांना सांगते, एप्रिल 2025 मध्ये आमच्या शेजारच्या कल्याण तालुक्यात, खडवलीला, परवानगी नसलेल्या वसतिगृहातून 29 मुलं सोडवावी लागली. मारहाणीच्या, अत्याचाराच्या तक्रारी 1098 या बालमदत क्रमांकावर गेल्या तेव्हा यंत्रणा हलली. ती मुलं बोलणारी होती. ज्यांना फोन म्हणजे काय तेच कळत नाही त्यांच्यासाठी 1098 कोण फिरवणार?

बाल न्याय कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनं दत्तकाचे आदेश आणि बालगृहांवरची देखरेख जिल्हाधिकाऱ्यांकडे आली. आता जबाबदारी कुणाची यावर वाद घालायला जागा नाही. महिला व बालविकास खातं दिव्यांग कल्याण खात्याकडे बोट दाखवतं आणि ते परत याच्याकडे, हा खेळ ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात तरी बंद झाला पाहिजे. मला तिथून अहवालाची चकचकीत प्रत नको आहे. जिल्ह्यातल्या निवासी संस्थेत, पालक कुटुंबात आणि दत्तक घरात असलेल्या प्रत्येक विशेष मुलाचं दर महिन्याचं वजन मला हवं आहे. ते कुणी, कुठल्या तारखेला, स्वतः काट्यावर उभं करून घेतलं त्याचं नाव हवं आहे. वजन घटलं असेल तर आठ दिवसांत कोण तिथं गेलं, मुलाचे कपडे बाजूला करून अंग कुणी तपासलं, रात्री वॉर्डात कोण होतं, हे त्याच कागदावर हवं आहे. मुलाचं नाव झाकून हा कागद दर तीन महिन्यांनी तहसील कार्यालयाच्या फलकावर लावा. सह्या मात्र झाकू नका.