बोटुकल्यांची फुशारकी

गोड्या पाण्यातले मासे वाचवण्याचा प्रश्न कधीच सुटला आहे, असे आम्हाला नुकतेच समजले. सांगणारे गृहस्थ विषयातले अधिकारी आहेत, लेख सुबक आहे आणि त्यातला आत्मविश्वास हेवा वाटावा असा आहे. म्हणणे थोडक्यात असे: मासा कमी झाला की पैदास केंद्रात वाढवावा, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, तयार झाली की पिशव्यांत भरून धरणात सोडावी. महाशीर असाच वाचला, तेव्हा जगातल्या बाकीच्या माशांनाही हाच उपाय लागू करावा. धरणे, वाळू, सांडपाणी हे विषय काही रिकामटेकड्यांनी विकास खोळंबवायला उगाच उकरून काढले आहेत. देवाच्या डोहात मासे राखणे ही अंधश्रद्धा. आणि जाता जाता नेहमीचा टोला: लोकांच्या ताटात मासा नसताना असल्या माशांचे लाड कशाला?

एवढे सगळे त्यांनी दोन पानांत उरकले. आम्हाला ते जमणार नाही.

महाशीरापासूनच सुरुवात करू, कारण त्यांचा सारा डोलारा याच माशाच्या पाठीवर उभा आहे. ते ज्याच्याबद्दल बोलतात तो दख्खनचा महाशीर, शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल साइक्सने 1839 साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले ते मुळा-मुठेतल्या माशावरून, म्हणजे आपल्या पुण्याच्या नदीतल्या. सत्तरच्या दशकात लोणावळ्याला जलविद्युत कंपनीच्या केंद्रात त्याची अंडी काढून, फळवून, पिल्ले वाढवण्याचे तंत्र बसवले गेले. काम खरे आहे, कष्टाचे आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पुढे जागतिक लाल यादीतही या माशाला धोक्याच्या वर्गातून काढून निर्धास्त वर्गात बसवण्यात आले. आमच्या लेखकमहाशयांचा हुकमाचा एक्का तो हाच.

आता एक्क्याची दुसरी बाजू. लोणावळ्याची पिल्ले फक्त कृष्णेच्या खोऱ्यात राहिली नाहीत. ती राज्याराज्यांत गेली आणि कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. कावेरीत तेव्हा स्वतःचा महाशीर होता. पाठीला डोक्यामागेच ठसठशीत कुबड, पर नारिंगी, आणि आकार असा की 1946 साली कावेरीच्या काबिनी या उपनदीत गळाला लागलेला एक मासा 120 पौंडांचा भरला. गळ टाकणाऱ्या हौशी साहेबांमध्ये या माशाची कीर्ती जगभर होती. शास्त्राला मात्र तो नक्की कोण हे ठरवायला 2018 साल उजाडले. त्या वर्षी कळले की हा टॉर रेमादेवी. आणि नाव मिळते न मिळते तोच त्याची नोंद झाली ती अतिसंकटग्रस्त म्हणून.

हे कशावरून? कावेरीकाठच्या गळाच्या तळांवर मासा पकडून, मोजून, परत सोडण्याची पद्धत होती आणि प्रत्येक माशाची वहीत नोंद होत असे. 1998 ते 2012 या काळातल्या त्या नोंदी अभ्यासकांनी उलगडून पाहिल्या. निळसर परांचा, म्हणजे बाहेरून आणून सोडलेला महाशीर वाढत गेलेला दिसतो आणि कुबडाचा, कावेरीचा स्वतःचा महाशीर झपाट्याने घटत गेलेला. एकूण आकडा पाहणाऱ्याला वाटावे, वा, महाशीर वाढले! वाढले खरेच. कोणते वाढले आणि कोणाच्या जागेवर वाढले, हे विचारायचे कोणी? कावेरीवर धरणे झाली, वाळू उपसली गेली, सुरुंग लावून मासे मारले गेले. सगळा दोष परक्या पिल्लांवर टाकणे अन्यायाचे होईल. पण मूळ मासा आधीच धापा टाकत असताना त्याच्या घरात भाडेकरू आणून बसवला तो याच थोर उपायाने. लेखकमहाशयांनी महाशीराची यशोगाथा सांगताना कावेरीचा एका शब्दानेही उल्लेख केला नाही. लेखात जागा कमी पडली असावी.

मुळात महाशीर म्हणजे एकच एक मासा नव्हे. खोरे बदलले की जात बदलते, आणि जात तीच असली तरी पिढ्यान्‌पिढ्या त्या त्या पाण्यात घडलेला वाण वेगळा असतो. चार माद्यांच्या अंड्यांतून लाखभर पिल्ले काढून दहा नद्यांत ओतली तर सगळीकडे त्याच चौघींची नातवंडे होतात, हे कोंबड्या पाळणाऱ्यालाही समजते.

पिल्लू सोडल्यावर ते खायचे काय, राहायचे कुठे, अंडी घालायची कुठे? पहिल्या पावसात नदी चढली की हे मासे प्रवाहाविरुद्ध वर जातात. कोकणात आणि घाटाखाली चढणीच्या माशांची ही वेळ शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. महाशीराला अंडी घालायला वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी आणि गोट्या-वाळूचा स्वच्छ तळ लागतो, उन्हाळा काढायला खोल डोह लागतो. वाटेत बंधारा, तळाची वाळू ट्रकांत, डोहात गाळ, अशा नदीत सोडलेले पिल्लू जगले तरी त्याला पुढची पिढी नाही. मग पुन्हा पिशव्या, पुन्हा पिल्ले.

मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम ज्यांनी पाहिला आहे त्यांना आम्ही काय म्हणतो ते कळेल. प्राणवायू भरून तोंड बांधलेल्या पिशव्या आधी काही वेळ पाण्यावर तरंगत ठेवायच्या असतात, आतले-बाहेरचे पाणी सारखे उबदार झाले की हळूच तोंड सोडायचे असते. हे केंद्रातल्या शिपायालाही माहीत असते. पण मांडवात हार तयार असतात, छायाचित्रकार खोळंबलेले असतात, आणि प्रमुख पाहुण्यांना दुपारी दुसऱ्या तालुक्यात पोहोचायचे असते. पिशवी उघडते, पिल्ले पाण्यात पडतात, टाळ्या होतात. दुसऱ्या दिवशी त्यांतली किती जिवंत आहेत हे मोजणारा कार्यक्रम आम्ही अजून पाहिलेला नाही.

हा रोग फक्त आपला नाही. चीनमध्ये यांगत्से नदीवर गेझोउबा धरणाने 1981 साली चिनी स्टर्जनची वाट अडवली. तेव्हापासून त्या माशाची लाखो पिल्ले वाढवून नदीत सोडली. तरीही 2017 नंतर सलग काही वर्षे या माशाने नदीत अंडी घातल्याचा मागमूस लागला नाही. त्याच नदीतला पॅडलफिश, तलवारीसारख्या लांब नाकाचा प्रचंड मासा, 2003 मध्ये शेवटचा दिसला आणि 2022 मध्ये नामशेष जाहीर झाला. त्याची पैदास माणसाला कधी जमलीच नाही. लेखकमहाशयांच्या पिशवीत तो मावला नसता.

इथे आमचे एक जुने भांडण आठवते. डास मारायला गप्पी मासे सोडण्याविरुद्ध आम्ही मागे चार ओळी लिहिल्या होत्या, तेव्हा आम्हाला मलेरियाचे समर्थक ठरवण्यात आले. गप्पीही परदेशी आणि त्याच कामाला सोडतात तो गॅम्बुसियाही परदेशी. बंदिस्त टाकीत सोडा, आमचे काही म्हणणे नाही. पण ओढ्यात, तळ्यात सोडलेला गप्पी तिथल्या छोट्या माशांशी खाण्यासाठी भांडतो आणि गॅम्बुसिया तर त्यांची पिल्लेच गिळतो. आपल्या ओढ्यांत डोक्यावर चांदीचा ठिपका मिरवणारा ॲप्लोकायलस शतकानुशतके डासांच्या अळ्या फुकटात खात आला आहे. त्याच्यासाठी कधी उद्घाटन झाले नाही, एवढाच त्याचा गुन्हा. याच तऱ्हेने परदेशी चिलापी (तिलापिया) आली, आणि उजनी धरणाच्या काठावर कोणाही कोळ्याला जाळ्यात काय लागते ते विचारा. असो, ते भांडण वेगळे.

ताटातल्या माशाचे म्हणाल, तर कोळ्याच्या ताटातला मासा नदीतूनच येत होता. नदी मेली तेव्हाच तो बाजारातून विकत आणावा लागला.

विकासाच्या खोळंब्याबद्दल: अमेरिकेत क्लॅमथ नदीवरची चार धरणे पाडून झाली 2024 मध्ये, आणि त्याच शरद ऋतूत सॅमन धरणांच्या जागा ओलांडून वर पोहोचला. अमेरिकेचा विकास थांबल्याची बातमी आम्ही वाचली नाही.

आणि अंधश्रद्धा. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथले महाशीर वरदायिनी देवीचे म्हणून कोणी त्यांना हात लावत नाही. माणूस काठावर आला की मोठे काळे मासे थव्याने वर येतात, अंगावरचे रुंद खवले एकेक मोजता यावेत इतके जवळ. हे मासे कोणत्याही पिशवीतून आलेले नाहीत. देवीवर विश्वास ठेवा अथवा ठेवू नका, पण मासा कोणत्या पाण्यात टिकला ते तरी बघा. थायलंडमध्ये साल्वीनच्या खोऱ्यात न्गाओ नदीकाठच्या गावांनी पन्नासाहून अधिक ठिकाणी मासेमारीला स्वतःहून बंदी घातली. आत आणि बाहेर मोजणी झाली, तर बंदीच्या पाण्यात माशांचे वजन वीस पटींहून जास्त भरले. तिथे धरण नव्हते, पैदास केंद्र नव्हते आणि प्रमुख पाहुणेही नव्हते.

आमचे म्हणणे विचाराल तर ते फार मोठे नाही. ज्या नदीचा मासा तिचाच राहू द्यावा, दुसऱ्या खोऱ्याचे पिल्लू तिथे सोडू नये. पैदास केंद्र ठेवायचे तर शेवटचा उपाय म्हणून आणि त्याच नदीच्या वाणासाठी. डोह राखावे. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी महादेवाच्या कुंडात 2020 साली एका नव्या छोट्या माशाची नोंद झाली आणि 2021 मध्ये सरकारने ती दोनेक हेक्टर जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. हा मासा वाढवायला कोणी गेले नाही, पाणीच राखायचे ठरवले. हा मार्ग धीमा आहे, त्यात छायाचित्र बरे येत नाही, आणि प्रत्येक नदीला तो पुरेल याची हमी आम्ही देत नाही.

एक काम मात्र वाचकांच्या आवाक्यातले आहे. तुमच्या गावाच्या नदीवर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर त्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसापूर्वी काढायचे असतात. अनेक ठिकाणी ते काढले जात नाहीत, आणि चढणीचा मासा भिंतीवर डोके आपटत राहतो. यंदा मे संपण्याआधी बंधाऱ्यावर जाऊन पाहा. बर्गे जागेवर असतील तर ग्रामसभेत विचारा की ते कोण काढणार आणि कधी.